औषध लागू पडलं, शेअर बुडाला: डेंड्रिऑनचं प्रकरण

मार्च २००७ च्या शेवटी सिअ‍ॅटलच्या डेंड्रिऑन या छोट्या कंपनीचा शेअर पाच डॉलरांच्या जरा वर रेंगाळत होता. साडेसात वर्षांनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि शेअर मातीमोल झाला. एवढंच वाचलं तर कुणालाही वाटेल की औषध फसलं असणार. तसं झालं नाही, म्हणून तर हे प्रकरण लिहायला घेतलं. औषधाची मोठी चाचणी यशस्वी झाली, सरकारी मंजुरी मिळाली, औषध बाजारात आलं आणि आजही रुग्णांना दिलं जातं. 'हे औषध लागू पडणार' असं म्हणून ज्यांनी शेअर घेतले, त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पैसे मात्र गेले.

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून एक भागधारक कल्पू. तो डॉक्टर नाही, संशोधकही नाही. दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी चाचण्यांचे निकाल, कंपनीची निवेदनं, जे मिळेल ते वाचतो. त्याच्याकडे ५ डॉलर २० सेंटच्या भावाने घेतलेले हजार शेअर आहेत. गुंतवणूक ५,२०० डॉलर. माणूस काल्पनिक आहे, पण पुढचे भाव आणि तारखा घडलेल्या आहेत.

पिशवीवर रुग्णाचं नाव

औषधाचं नाव प्रोव्हेंज. पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावरचं. गोळी नाही, बाटलीतलं इंजेक्शनही नाही. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्या विमानाने कारखान्यात पाठवायच्या, तिथे एका कृत्रिम प्रथिनासोबत ठेवून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचं आणि पुन्हा त्याच रुग्णाच्या शिरेत सोडायचं. असं तीन वेळा, साधारण दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने. तयार पिशवीची मुदत १८ तास. विमान चुकलं किंवा रुग्णाला ताप आला, तर पिशवी फेकून द्यायची, कारण ती दुसऱ्या कुणाला चालत नाही.

हा १८ तासांचा तपशील लक्षात ठेवा. हौशी माणूस हे वाचतो आणि विज्ञानाने थक्क होतो. कारखानदारी कळणारा माणूस हेच वाचतो आणि कपाळाला हात लावतो.

सुरुवातीच्या एका चाचणीत १२७ रुग्ण होते. आजार वाढायला किती वेळ लागतो, हा तिचा आधी ठरलेला मुख्य प्रश्न होता. त्यात औषध अगदी थोडक्यात कमी पडलं. पण पुढे पाहिलं तर औषध घेतलेल्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा) २५.९ महिने आणि न घेतलेल्यांचं २१.४ महिने निघालं. साडेचार महिन्यांचा फरक, आणि तोही ज्या आजारात उपाय संपत आलेले असतात तिथे. अडचण अशी की पेपर गणिताचा ठरला होता आणि मार्क पडले भूगोलात. मार्क खरे असतील, पण कोणत्या विषयात पास करायचं, हे परीक्षकाला ठरवता येईना.

पहिली लाट

२९ मार्च २००७ ला औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या अमेरिकी सरकारी संस्थेने नेमलेल्या सल्लागार समितीची बैठक झाली. औषध सुरक्षित आहे का, यावर १७ विरुद्ध ०. परिणामकारकतेचा ठोस पुरावा आहे का, यावर १३ विरुद्ध ४. दुसऱ्या दिवशी शेअर १३ डॉलरांच्या जवळ बंद झाला, म्हणजे एका दिवसात दुपटीहून जास्त. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो २५ डॉलरांवर जाऊन आला.

आपल्या माणसाचे ५,२०० आता २५,००० झालेत. त्याने विकलं का नाही? मला यात लोभ फारसा दिसत नाही. त्याच्या लेखी अजून काही घडलंच नव्हतं. औषध मंजूर व्हायचं होतं, खरी रक्कम तर त्यानंतर. ज्या घटनेसाठी शेअर घेतला, तिच्या पाच आठवडे आधी विकायचा म्हणजे लग्नघरातून जेवणाआधी उठण्यासारखं. शिवाय समितीने हो म्हटल्यावर एफडीए नाही म्हणेल, हे त्याच्या कल्पनेतच नव्हतं. समिती फक्त सल्ला देते आणि तो पाळण्याचं बंधन एफडीएवर नसतं, हे त्याने वाचलेलं होतं. वाचलेलं असणं वेगळं आणि धरून चालणं वेगळं.

निर्णयाची मुदत १५ मे होती. पत्र आठवडाभर आधीच आलं. नकार नव्हता; परिणामकारकतेचा आणखी पुरावा द्या, असं होतं. ९ मे रोजी शेअर एका दिवसात जवळजवळ दोन तृतीयांश घसरला आणि सहा डॉलरांच्या थोडं वर थांबला.

इथे एक गंमत आहे, तिला गंमत म्हणवत असेल तर. आपला माणूस या दिवशीही फायद्यात होता. ५,२०० चे ६,३०० झाले होते. पण त्याच्या मनातला हिशेब ५,२०० पासून सुरूच होत नव्हता. तो २५,००० पासून सुरू होत होता, आणि त्या हिशेबाने कुणीतरी त्याचे जवळपास एकोणीस हजार पळवले होते. अशा मनःस्थितीत माणूस चोर शोधायला लागतो. भाव पडण्यावर पैसे लावणाऱ्या मंदीवाल्यांनी डाव साधला, समितीत विरोधी मत देणारे डॉक्टर फितूर होते, एफडीए मोठ्या औषध कंपन्यांच्या खिशात आहे, असे आरोप सुरू झाले. रुग्णांच्या संघटनांनी निदर्शनं केली. त्यांचा राग समजण्यासारखा होता, त्यांच्याकडे वेळच नव्हता. पण त्या गर्दीत भागधारकही मिसळले आणि रुग्णाचा कळवळा कुठे संपतो आणि शेअरची काळजी कुठे सुरू होते, हे ओळखणं कठीण झालं. विरोधी सूर लावणाऱ्या डॉक्टरांना धमक्या आल्याच्या बातम्या छापून आल्या. पाच डॉलरांच्या शेअरने माणसांना या थराला नेलं.

सर्वांत मोठा फटका मात्र शेअरवाल्यांना बसला नाही. समितीच्या मतदानानंतर ज्यांनी मे महिन्यात संपणारे कॉल ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचे मुदतीचे हक्क, घेतले होते, त्यांच्या हातात कागदाचा कपटाही उरला नाही. शेअरवाल्याला निदान थांबता तरी आलं.

थांबण्याची दोन वर्षं

या काळातला आपला माणूस मला मनापासून आवडतो. ५१२ रुग्णांची मोठी चाचणी आधीच सुरू होती आणि तिचा मुख्य प्रश्न या वेळी आयुर्मानाचाच होता. ऑक्टोबर २००८ मध्ये मधला निकाल आला: औषध घेतलेल्या गटात मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी कमी. पुरेसा नव्हता, पण चाचणी चालू ठेवा, असं देखरेख समितीने सांगितलं. अंतिम निकालात हा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास गेला तर चाचणी यशस्वी धरली जाणार होती.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला की वीसाचे बावीस होतील का. या औषधाचा परिणाम उशिरा दिसतो. पहिल्या काही महिन्यांत दोन्ही गटांच्या रेषा एकमेकींना चिकटून चालतात आणि नंतर फाकतात. आधीच्या छोट्या चाचणीतही असंच झालं होतं. मग जसजसा काळ जाईल तसतसा फरक वाढण्याची शक्यता जास्त. हा तर्क उघड्या माहितीवर उभा होता, त्यासाठी कुणाची आतली खबर लागत नव्हती, आणि हौशी माणसाला तो मांडता येत होता. छोट्या बायोटेकमध्ये अशी जागा कधीकधी सापडते: मोठ्या फंडांना कंपनी फार लहान वाटते, विश्लेषक हात झटकून मोकळे झालेले असतात आणि एखादा चिकाटीचा वाचक आकडेमोड करत बसलेला असतो.

बाजाराला तेव्हा याची पर्वा नव्हती. २००८ च्या पडझडीत सगळंच कोसळलं आणि मार्च २००९ च्या सुरुवातीला डेंड्रिऑन तीन डॉलरांच्या खाली होता. हजार शेअरची किंमत गुंतवणुकीच्या जवळपास निम्मी.

१४ एप्रिल २००९ ला कंपनीने जाहीर केलं की चाचणी यशस्वी झाली. सात डॉलरांच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी सोळा-सतरापर्यंत गेला. दोन आठवड्यांनी शिकागोतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत संपूर्ण आकडे मांडले गेले: २५.८ महिने विरुद्ध २१.७ महिने, आणि मृत्यूचा धोका २२ टक्क्यांनी कमी. बावीस! असा आकडा दोन वर्षं मनात धरून बसलेल्या माणसाला तो पडद्यावर दिसतो तेव्हा काय वाटत असेल, ते पैशात सांगता येणार नाही.

पण त्याच दिवशी, आकडे मांडले जाण्याच्या काही वेळ आधी, शेअरमध्ये एक विचित्र प्रकार घडला. दीड मिनिटाच्या आत भाव वीस डॉलरांच्या वरून साडेसातपर्यंत कोसळला आणि व्यवहार थांबवण्यात आले. कोणतीही वाईट बातमी नव्हती. व्यवहार पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव परत वीसच्या वर होता.

आता समजा, आपल्या माणसाने शहाण्यासारखा १८ डॉलरांवर स्टॉप लॉस लावून ठेवला होता. सगळे तेच सांगतात. स्टॉप लॉसचा अर्थ '१८ ला विका' असा नसतो. '१८ ला स्पर्श झाला की जो मिळेल त्या भावाला विका' असा असतो. भाव पायऱ्या न उतरता कड्यावरून पडतो तेव्हा पहिला घेणारा आठ-नऊ डॉलरांवर उभा असू शकतो. म्हणजे दोन वर्षं कळ काढून, तर्क बरोबर ठरवून, नेमक्या विजयाच्या दिवशी हजार शेअर आठ-नऊ हजारांना जाणार आणि दुसऱ्या दिवशी त्यांची किंमत वीस हजारांच्या वर. एका रात्रीत उड्या मारणाऱ्या शेअरला साधा स्टॉप लॉस लावणं म्हणजे कागदाची छत्री. आपण धरून चालू की आपल्या माणसाने तो लावलेला नव्हता.

२९ एप्रिल २०१० ला मंजुरी आली. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून बनवलेली कर्करोगावरची अशी लस एफडीएने पहिल्यांदाच मंजूर केली होती. तीन पिशव्यांची किंमत ९३ हजार डॉलर. शेअरने पन्नाशी ओलांडली. ५,२०० चे पन्नास हजारांहून जास्त झाले होते.

प्रश्न बदलला, माणूस तोच राहिला

खरं प्रकरण इथून पुढे आहे, आणि बहुतेक लोक इथेच वाचायचं थांबवतात.

मंजुरीच्या दिवसापर्यंत या शेअरचा प्रश्न एकच होता: औषध काम करतं का? त्या विषयात आपला माणूस बऱ्यापैकी तयार झाला होता. दुसऱ्या दिवशीपासून तो पेशींची ने-आण करणाऱ्या, महागड्या कारखान्यांच्या आणि विम्याच्या बिलांवर जगणाऱ्या कंपनीचा भागधारक होता. यातलं त्याला काहीच कळत नव्हतं. आणि कळत नाही हेही कळत नव्हतं, कारण शेअर तोच, नाव तेच, आणि आतापर्यंत आपण बरोबर ठरलोय ही छातीतली ऊबही तीच.

न्यू जर्सीतला एकच कारखाना मंजूर होता. पहिल्या वर्षी सुमारे दोन हजार रुग्णांपुरतंच औषध बनणार होतं. क्षमता वाढवायला लॉस एंजेलिस आणि अटलांटा यांच्या जवळ आणखी दोन कारखाने उभे राहिले. प्रत्येक पिशवी एकाच माणसाची, त्यामुळे लाखांनी उत्पादन करून खर्च कमी करण्याची सोय नव्हती. ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना मेडिकेअर खर्च देणार का, याचा औपचारिक आढावा जून २०१० मध्ये सुरू झाला आणि निकाल यायला वर्ष लागलं.

यापेक्षाही चिवट गोष्ट होती डॉक्टरच्या टेबलावरची. एका पिशवीचे ३१ हजार डॉलर दवाखान्याने आधी भरायचे आणि विम्याकडून परत यायची वाट बघायची. पाच रुग्णांना पूर्ण उपचार द्यायचे तर साडेचार लाखांहून जास्त रक्कम अडकणार. बिल एका चुकीच्या सांकेतिक क्रमांकामुळे परत आलं, तर त्या महिन्यात पगार कुठून द्यायचे? आणि एवढं करून रुग्णाला दाखवायला काही नाही. प्रोव्हेंजने गाठ लहान होत नाही, रक्तातला पीएसए (या कर्करोगाचा माग ठेवायला मोजतात ते प्रथिन) सहसा उतरत नाही. आयुष्य वाढतं, पण ते सरासरीत. समोर बसलेल्या माणसाला 'बघा, आकडा खाली आला' असं सांगता येत नाही. एप्रिल २०११ मध्ये झायटिगा ही गोळी मंजूर झाली. गोळी घरी घ्यायची आणि पीएसए उतरताना दिसायचा. तुम्ही डॉक्टर असता तर काय लिहून दिलं असतं?

हे सगळं गुपित नव्हतं. ओळखीच्या एखाद्या दवाखान्यातल्या बिलं पाहणाऱ्या बाईंना विचारलं असतं, तर दहा मिनिटांत कळलं असतं. आपला माणूस त्या वेळीही नव्या चाचण्यांचे निकाल वाचत होता.

जानेवारी २०११ मध्ये कंपनीने ६२ कोटी डॉलरांचे परिवर्तनीय रोखे विकले, २०१६ मध्ये फेडायचे. शेअर साधारण ५१ डॉलरांच्या वर राहिला तर रोखेधारक शेअर घेतील आणि कर्ज विरघळून जाईल. नाही राहिला तर रोख मोजावी लागेल. त्या दिवसापासून आपल्या माणसाच्या पुढे रांगेत कुणीतरी उभं होतं. एरवी छोटी बायोटेक कंपनी पैशासाठी नवे शेअर विकते. तिच्याकडे विकायला औषध नसतं, म्हणून ती स्वतःलाच थोडं थोडं विकते, आणि चांगली बातमी आली की हमखास विकते. डेंड्रिऑननेही मे २००९ मध्ये तेच केलं होतं. त्याने हिस्सा पातळ होतो, पण निदान कुणाचं देणं लागत नाही.

३ ऑगस्ट २०११ च्या संध्याकाळी कंपनीने वर्षाच्या विक्रीचं ३५ ते ४० कोटी डॉलरांचं उद्दिष्ट मागे घेतलं. पैसे परत मिळण्याच्या धास्तीने डॉक्टर हात आखडता घेत आहेत, हे कारण दिलं. दुसऱ्या दिवशी शेअर ३५.८४ वरून ११.६९ वर आला. २००७ च्या पडझडीपेक्षाही मोठी घसरण, आणि या वेळी कोणतीही चाचणी फसली नव्हती.

आपला माणूस याही वेळी दुपटीहून जास्त फायद्यात होता. आणि इथे त्याचा अनुभवच त्याच्या मुळावर आला. २००७ मध्ये सगळे पळाले, तो थांबला आणि जिंकला. म्हणून तो पुन्हा थांबला. पण तेव्हा तो एका निकालाची वाट बघत होता, ज्याची तारीख होती आणि ज्याचा आकडा त्याला ठाऊक होता. आता तो कशाची वाट बघत होता? बहुधा जुन्या भावाची.

पुढची तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. २०१२ मध्ये विक्री साडेबत्तीस कोटींच्या आसपास गेली आणि पुढच्या वर्षी उतरली. ऑगस्ट २०१२ मध्ये एक्सटँडी ही आणखी एक गोळी आली. नोकरकपात झाली. न्यू जर्सीचा कारखाना ४.३ कोटींना नोव्हार्टिस या मोठ्या औषध कंपनीने घेतला आणि पुढे तिथेच किमराया ही पेशीउपचार पद्धती तयार केली, तीही प्रत्येक रुग्णासाठी वेगळी. कल्पना चुकीची नव्हती, हे त्या भिंतींनाही पटलं असावं.

१० नोव्हेंबर २०१४ ला दिवाळखोरीचा अर्ज झाला. २०१५ च्या फेब्रुवारीत व्हॅलियंट या औषध कंपनीने डेंड्रिऑनची मालमत्ता साडेएकोणपन्नास कोटींना घेतली. रोख्यांचं देणं ६२ कोटींचं होतं. रोखेधारकांचंच पूर्ण भागेना, मग रांगेत मागे असलेल्या भागधारकाला काय मिळणार? शून्य मिळालं.

हिशेब

पन्नासला विकायला हवं होतं, असं आता म्हणणं फुकट आहे. शिखर मागे वळून पाहतानाच दिसतं. पंचविसाला न विकणं मी चूक मानत नाही, तीन डॉलरांवर थांबणं तर मुळीच नाही. मला चूक दिसते ती मंजुरीनंतरच्या पंधरा महिन्यांत. ज्या एका प्रश्नासाठी शेअर घेतला होता त्याचं उत्तर मिळालं होतं, होकारार्थी मिळालं होतं, आणि तरी त्याने स्वतःला विचारलं नाही की आता माझ्याकडे हा शेअर कशासाठी आहे. 'आज हातात रोख असती तर या कंपनीचे हजार शेअर घेतले असते का?' या प्रश्नाला २०१० च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे प्रामाणिक उत्तर नसतं. अर्धे विकून टाकले असते तर पंचवीस हजार खिशात पडले असते आणि उरलेले पाचशे शेअर शून्यावर गेल्याचं दुःख कुणाला सांगण्याजोगं राहिलं नसतं.

त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याने ५,२०० डॉलरच लावले, घर गहाण ठेवलं नाही, उसने घेऊन सरासरी भाव खाली आणला नाही. म्हणून तर २००९ पर्यंत तो तग धरू शकला.

व्हॅलियंटने हा व्यवसाय २०१७ मध्ये चीनच्या सॅनपॉवर या कंपनीला सुमारे ८२ कोटी डॉलरांना विकला. आपल्या माणसाचा त्याच्याशी काहीच संबंध उरला नव्हता. अमेरिकी करनियमानुसार भांडवली तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला जास्तीत जास्त ३,००० डॉलरच वजा करता येतो. दुसरा कोणताही भांडवली नफा नसेल, तर विवरणपत्रात त्याने डेंड्रिऑनच्या नावापुढे पहिल्या वर्षी ३,००० लिहिले असतील आणि दुसऱ्या वर्षी २,२००.